क्लिफ थॅकरेला आत घेण्याबाबत

क्लिफचं नाव यंदा रिंगणात घेतलं जाणार नाही, हे गॅरेथने विनीला तिच्याच स्वयंपाकघरात सांगितलं. तिनेच केलेल्या चहाचा दुसरा कप त्याच्या हातात होता. गॅरेथ घरं विकण्याचा धंदा करायचा. 'मागच्या भिंतीला थोडी ओल आहे' हे तो गिऱ्हाइकाला ज्या सुरात सांगायचा, तोच सूर त्याने आता लावला होता.

"नाव घेतलं जाणार नाही म्हणजे काय?" विनीने विचारलं.

"म्हणजे फक्त रिंगणात. बाकी सगळं करू आपण. फ्लीस पबच्या वरच्या खोलीत त्याच्यासाठी एक संध्याकाळ ठेवू. फोटो लावू. बिअर माझ्याकडून."

"बिअर तुझ्याकडून."

"विनी, ऐकून तर घे."

विनीने ऐकून घेतलं. नवरा जाऊन दीड महिना झाला होता, आणि या दीड महिन्यात तिने पुष्कळ लोकांचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं.

यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात जुन्या देवांना मानणाऱ्या पेगन लोकांची एक छोटी मंडळी होती. म्युरिएल नावाच्या बाईने ती तरुणपणी सुरू केली. तिच्या घरामागच्या माळावर दगडांचं एक रिंगण होतं. दगड जुने, मांडणी या लोकांची. ऋतू पालटला की मंडळी तिथे जमायची, शेकोटी पेटवायची, थोडं मद्य जमिनीवर ओतायची, उरलेलं पोटात घालायची आणि घरी जायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी साउइन, म्हणजे मेलेल्यांचा सण. त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांना एकेक करून नावाने हाक मारायची आणि आत उभ्या असलेल्यांनी उत्तर द्यायचं, "ये, जागा आहे." शेवटी रिंगणाचा राखणदार विचारतो, "सगळे आले का?" आतल्या प्रत्येकाने "आले" म्हटलं की मग जेवण. ज्याला हाक गेली तो त्या संध्याकाळी शेकोटीपाशी येऊन बसतो. त्याच्या आवडीच्या पदार्थाची थाळी तिथे ठेवलेली असते. विनीची ही श्रद्धा होती असं म्हणणं बरोबर नाही. दूध उतू जातं हे जसं माहीत असतं, तसं तिला हे माहीत होतं.

क्लिफ सप्टेंबरात, परसात, घेवड्याच्या शेंगा तोडताना गेला. हॅलिफॅक्सला विद्युतदाहिनीत त्याचं सगळं त्याच्या इच्छेप्रमाणे झालं. प्रार्थना नाही, देवाचं नाव नाही, दोन जॅझच्या रेकॉर्डी आणि शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याचं लांबलेलं भाषण. विनीने ते सगळं तोंडातून शब्द न काढता सहन केलं. तिला ते जमलं, कारण पुढे साउइन होतं. तो दिवस क्लिफचा होता, तसा हा दिवस तिचा असणार होता.

"क्लिफ देव मानत नव्हता," गॅरेथ म्हणाला.

"हे तू मला सांगतोस?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे. तोच सांगायचा. देव म्हणजे माणसाने स्वतःला सांगितलेल्या गोष्टी."

"गरजेच्या गोष्टी, असं म्हणायचा. अर्धं वाक्य गिळू नकोस."

गॅरेथने कप खाली ठेवला. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून तो राखणदार होता. म्युरिएलचे गुडघे गेले तेव्हा तिने रिंगण त्याच्या हवाली केलं. त्याने मनावर घेऊन काम केलं, हे विनीलाही नाकारता आलं नसतं. तण काढलं, कललेले दगड सरळ केले, फोटो काढायला डोक्यावर शिंगं बांधून येणाऱ्या हौशी पोरापोरींना परत पाठवलं.

"मी काय म्हणतो ते बघ," तो म्हणाला. "देव खरे आहेत. वेगवेगळे आहेत. प्रत्येकाला आपला स्वभाव आहे, मान आहे. ते काही आपल्या मनातली चित्रं नाहीत. मग त्यांच्या दारात उभं राहून 'घरात कुणी नाही' असं म्हणणाऱ्याला त्यांनी जेवायला का बसवावं? म्हणून यंदापासून रिंगणाच्या दारात विचारायचा प्रश्न बदलतोय. देव आहेत असं मानतोस का, हो की नाही. हो म्हणेल तो आत. आणि जिवंत माणसाला जो नियम, तोच मेलेल्याला."

यातलं देवांबद्दलचं एकही वाक्य विनीला चुकीचं वाटलं नाही, आणि त्यामुळेच ती जास्त भडकली. तिच्यासाठी ब्रिजिड ही अग्नीची, विहिरीची आणि बाळंतिणीची देवी म्हणजे समोर राहणाऱ्या बाईइतकी खरी होती. तिला लोणी आवडतं, आळस आवडत नाही.

"तूच म्हणाली होतीस की," गॅरेथ म्हणाला. "वसंतात, फ्लीसमध्ये, सगळ्यांदेखत. ज्याला यजमानच दिसत नाही त्याने पंगतीला बसू नये म्हणून."

"ते मी माझ्या नवऱ्याला म्हटलं होतं. तुला नाही."

"तत्त्व तर तेच ना?"

"तत्त्व कसलं, भांडण होतं ते. तू लग्न केलं असतंस तर फरक कळला असता." विनी टेबलाशी येऊन उभी राहिली. "यंदा नावं कुणाकुणाची आहेत?"

"टॅमझिनची आई."

"आणि?"

गॅरेथने खिडकीबाहेर पाहिलं. "आणि केनचा बस्टर."

"बस्टर कुत्रा होता."

"केनची फार इच्छा आहे, विनी. त्याच्या घरात कुणी नाही दुसरं."

"त्या कुत्र्याला विचारलंस, देव मानतोस का म्हणून?"

"उगाच फाटे फोडू नकोस."

"बरं, नाही फोडत. साधं विचारते. साउइनला मेलेली माणसं येतात की नाही?"

"येतात."

"हाक नाही मारली तर?"

"तर दगडांच्या बाहेर थांबतात." हे तो अगदी सहज म्हणाला. पावसात कपडे भिजतात म्हणावं इतकं सहज.

"म्हणजे क्लिफ येणार, दगडांशी उभा राहणार, शेकोटी त्याला दिसणार, आणि तू त्याला आत घेणार नाहीस. हे तू ठरवून करणार. एखाद्या टॅक्सीवाल्याने केलं असतं तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे, त्याला काय कळतंय. त्याला वाटतं तिथे कुणी नाहीच. पण तुला तर ठाऊक आहे ना तो तिथे असणार?"

 गॅरेथला सुचलेलं उत्तर त्याला स्वतःलाच आवडलं असावं, कारण तो थोडा सावरून बसला.

"क्लिफच्या मते तो कुठेच नसणार. मी त्याच्या मताचा मान राखतोय."

विनीने त्याच्यापुढचा कप उचलला आणि सिंकमध्ये ओतला. निम्मा चहा शिल्लक होता.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला. दारापाशी त्याने कोट चढवला. पंथात त्याने 'ओकहार्ट' हे नाव घेतलं होतं, ओकच्या काळजाचा माणूस.

"क्लिफ तुला प्लायवूड म्हणायचा, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"दर वेळी मी त्याला गप्प करायची. उगाच केलं."

गॅरेथचे कान लाल झाले. तो निघाला, आणि जाताना फाटक मात्र नीट लावून गेला.

*

स्वयंपाकघराच्या खिडकीत ब्रिजिडची जागा होती. एक दिवा, माळावरचा एक दगड आणि दुधाची वाटी. वाटी रोज सकाळी बदलायची. काही वर्षांपूर्वी विनीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती बरेच दिवस इस्पितळात होती. तिथे तिचा अर्धा जीव त्या वाटीत. घरी आली तर वाटी घासलेली, ताज्या दुधाने भरलेली, दिवा लागलेला.

"तू केलंस?" तिने क्लिफला विचारलं.

"मांजराने केलं असेल."

"आपल्याकडे मांजर नाही."

"मग मीच असणार." तो वर्तमानपत्राआडून बोलत होता. "पहिल्याच दिवशी सांगितलं तिला, बाई, तू आहेस असं मला वाटत नाही. पण विनी येईपर्यंत दूध माझ्याकडे लागलं. तिने काही तक्रार केली नाही."

क्लिफने आयुष्यभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, आणि कुठलीही गोष्ट दिसल्यावाचून मान्य करायची नाही हा त्याचा हट्ट होता. या हट्टापायी दोघं भांडली नाहीत असा महिना गेला नसेल. तो म्हणे, तुझी ब्रिजिड तुझ्या डोक्यात आहे. ती म्हणे, डोकं कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का तुला. पण रिंगणातली शेकोटी लावायचा तोच. पाऊस असो, वारा असो, पेट्रोलच्या वड्या न वापरता, गुडघ्यावर बसून, सुक्या गवताला फुंकर घालत. शेकोटी धरली की तो मद्याचा पहिला घोट जमिनीवर ओतायचा तेव्हा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. काय पुटपुटतोस, असं विनीने विचारलं की म्हणायचा, "थँक यू. कुणाला ते विचारू नकोस, पत्ता माझ्याकडे नाही."

आणि आता या माणसाला एक घरं विकणारा परीक्षेत नापास करत होता.

दुपारी विनी म्युरिएलकडे गेली. म्युरिएल खिडकीशी पाय वर ठेवून बसली होती. दोन्ही गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण होतं आणि हातात रेडिओ. विनीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. म्युरिएलने रेडिओ बंद केला नाही, फक्त आवाज कमी केला.

"बस तरी."

"बसायला नाही आले. तू त्याला सांग."

म्युरिएलचं मत असं, की जगातल्या सगळ्या देवी म्हणजे एकच देवी आणि सगळे देव म्हणजे एकच देव. नावं ही वेगवेगळ्या गावांत वापरायची तिकिटं. या मतावरूनही विनीचं आणि तिचं वाजलेलं होतं.

"माझ्या हिशोबाने तर काही बिघडत नाही," म्युरिएल म्हणाली. "आई सगळ्यांनाच पोटाशी घेते. नाव घेतलं काय, न घेतलं काय. क्लिफ तिच्याचपाशी आहे."

"तुझ्या आईला नाव लागत नसेल. माझ्या मेलेल्याला लागतं."

म्युरिएल हसली. हसताना तिला खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत विनी हात बांधून उभी राहिली.

"तो पहिल्यांदा कसा आला आठवतंय?" म्युरिएलने विचारलं. "तुला सोडायला आला होता. गाडीतच बसून राहिला, काचा वर करून, वह्या तपासत. धो धो पाऊस. मी काच ठोठावली. म्हटलं, अहो मास्तर, शेकोटी विझतेय, येता का. तो म्हणाला, मी देवबिव मानत नाही. मी म्हटलं, लाकडं ओली आहेत, त्याचं काही करता येतं का ते सांगा."

"आठवतंय."

"आम्ही सुरू केलं तेव्हा चौघं होतो. मी. एक ओडिन देवाचा भक्त, दाढी ही एवढी. पाद्रीबुवांची मुलगी, तिला सगळं मनाचे खेळ वाटायचे. आणि खालच्या मळ्यातला डग्लस, त्याला फक्त गवत कापेपर्यंत पाऊस नको होता. दारात काय विचारायचं यावर आमची वादावादी झाली. शेवटी मी ठरवलं, 'मनात काय घेऊन आलास' एवढंच विचारायचं. 'प्रेम आणि भरवसा' म्हटलं की आत. देवाबद्दल विचारलं असतं ना, तर माळावर मी एकटीच उभी राहिले असते, हातात दार राखायची पावाची सुरी घेऊन."

"मग हेच गॅरेथला सांग!"

म्युरिएलने पांघरुणाचा काठ चिमटीत धरला. "राखणदारी मी त्याला दिली, विनी. देऊन टाकलेली वस्तू परत कशी मागू? रोज त्याच्या हातातून काही ना काही काढून घेतलं तर दिलं कशाला?"

"म्हणजे तू गप्प बसणार."

"मी येणार. कुणी उचलून आणलं तर."

"ये बाई, ये. आणि आत बसून जेव," विनी म्हणाली, आणि दार आपटून निघाली. बागेतून बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की ती गॅरेथपेक्षा म्युरिएलवर जास्त चिडली आहे. गॅरेथ निदान आपल्या मताला चिकटून तरी वाईट वागत होता.

*

साउइनच्या दिवशी विनीने पार्किन केला. ओटच्या पिठाचा, आल्याचा आणि काळ्या काकवीचा तो केक क्लिफला इतका आवडायचा, की थंड व्हायच्या आत कडेचे तुकडे गायब असत. या वेळी कडा शाबूत राहिल्या. तिने एक जाड चौकोन कापून थाळीत ठेवला, वर फडकं टाकलं, घडीची खुर्ची काखेत मारली आणि ऊन उतरताना माळाकडे निघाली.

दोन मोठ्या दगडांमध्ये जी फट होती ते दार. दारात गॅरेथ, अंगावर हिरवा झगा, हातात तलवार. तलवार खरी होती, म्हणजे दुकानातून आणलेली होती. आत शेकोटी पेटली होती आणि पेट्रोलचा वास येत होता. मंडळी दाराशी रांगेत उभी राहिली.

पहिला केन ऑग्डन, नळ दुरुस्त करणारा, गळ्यात थॉर देवाचा छोटा हातोडा.

"देव आहेत असं मानतोस?" गॅरेथने विचारलं.

"हां?" केन गोंधळला. "थॉर आहे. बाकीच्यांचा माझा परिचय नाही."

"हो की नाही, केन?"

"थॉरपुरतं हो."

तलवार बाजूला झाली. मग टॅमझिन, खालच्या दवाखान्यातली नर्स. तिच्या हातात आईसाठी लेमन कर्ड या लिंबाच्या जॅमची बाटली होती.

"देव आहेत असं मानतेस?"

"ओढा आहे," टॅमझिन म्हणाली. "ते थॉर्नचं काटेरी म्हातारं झाड आहे. हे दगड आहेत, आणि आज त्यांचा मूड ठीक नाही. देवांशी माझं कधी बोलणं झालेलं नाही."

"टॅमझिन."

"तुला हो हवंय का? घे, हो. माझ्या आईला आत घेऊ दे."

गॅरेथने ओठ आवळले आणि तिला वाट दिली. मग केनच्या पुतण्याने आणि आणखी एकाने खुर्चीसकट उचलून आणलेली म्युरिएल.

"देव आहेत असं—"

"एकच आहे ती, राजा," म्युरिएल म्हणाली. "तू ज्यांची नावं घेतोस ते तिचे हातपाय. पुढे होऊ का? ही पोरं दमली."

गॅरेथच्या मताप्रमाणे हे उत्तर सगळ्यांत चुकीचं होतं. देव वेगवेगळे आहेत, एकमेकांत मिसळायचे नाहीत, हेच तर तो वर्षभर सगळ्यांना बजावत आला होता. तो म्हातारीकडे बघत राहिला आणि बाजूला झाला.

विनीने हे सगळं बघितलं. अर्धवट हो, उसना हो, मुळीच नसलेला हो, सगळे खपले. ज्याला तोंड उघडून खोटं बोलता येत नव्हतं असा एकच माणूस बाहेर राहिला होता.

रांगेत शेवटची ती. गॅरेथच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखा भाव आला. इथे तरी अडचण नव्हती.

"देव आहेत असं मानतेस?"

"प्रेम आणि भरवसा," विनी म्हणाली.

"मी ते नाही विचारलं."

"माझं उत्तर तेच आहे."

"विनी, तुझ्याइतकं कुणी मानत नाही या माळावर. एक शब्द म्हण फक्त."

"ब्रिजिडला ठाऊक आहे मी काय मानते. ती मला विचारत नाही, तू कोण विचारणार?"

तलवार हलली नाही. विनीही हलली नाही. मग तिने काखेतली खुर्ची काढली, दाराबाहेर उजव्या हाताच्या दगडापाशी मांडली आणि थाळी मांडीवर घेऊन बसली.

"हे काय करतेस?"

"बाहेर ठेवलेली माणसं इथेच उभी राहतात ना? तूच सांगितलंस. मग मी त्याच्यापाशी बसते. एकट्याला गारठा लागेल."

गॅरेथने तलवारीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढून दार बंद केलं आणि तो आत गेला. त्याचा आवाज चांगला होता, हे मान्य करायला हवं. देवांना त्याने एकेकाला नाव घेऊन बोलावलं, आणि ब्रिजिडचं नाव आलं तेव्हा विनीने बाहेरच्या बाहेर मान लववली. ब्रिजिडचा यात काही दोष नव्हता.

"मार्गारेट पेन्हालिगन," टॅमझिनने आईला हाक मारली.

"ये, जागा आहे," सगळे म्हणाले. विनीनेही बाहेरून म्हटलं.

"बस्टर," केन म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

"ये, जागा आहे."

केनने खिशातून सॉसेज काढून शेकोटीपाशी ठेवलं.  बाहेर विनी उठून उभी राहिली.

"क्लिफर्ड थॅकरे!"

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. खालच्या मळ्यातल्या मेंढ्या दचकून पळाल्या. आतून उत्तर आलं नाही. शेकोटीपलीकडे गॅरेथची पाठ दिसत होती. ती वळली नाही. केन बुटांकडे बघत होता.  हे लोक तिच्या घरी जेवले होते. क्लिफने यांच्या पोरांना फुकट शिकवण्या दिल्या होत्या. 

गॅरेथने घसा साफ केला. "सगळे आले का?"

"आले," एकदोघं पुटपुटले.

"नाही आले," म्युरिएल म्हणाली.

रिंगणात चुळबुळ झाली. असं कधी झालंच नव्हतं.

"म्युरिएल..." गॅरेथ म्हणाला.

"राखणदारी तुझी. तलवार तुझी. प्रश्न तुझा. मी काही परत मागत नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगते. सगळे नाही आले."

गॅरेथने थांबून पुन्हा विचारलं, "सगळे आले का?"

"नाही आले," टॅमझिन म्हणाली. "मला दगडाशी दिसतोय तो."

"तुला दिसतोय?"

"मला झाडंही बोलतात, गॅरेथ. माझं सोड. तुला दिसत नाही का?"

केनने नाक पुसलं. "बस्टरला रोज कोण फिरवायचं? माझी पाठ धरली होती तेव्हा? मास्तरच फिरवायचे. कुत्रा आत आणि मास्तर बाहेर, हे कसं दिसतं? बस्टर काय खाईल आता?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. शेकोटीपलीकडे उभे असलेले मंडळीतले दोघं मात्र गॅरेथच्या बाजूने होते. त्यातला एक म्हणालाच, नियम म्हणजे नियम. काळोख वाढत होता. गॅरेथ कर्मकांडाचा पक्का माणूस. सगळ्यांनी 'आले' म्हटल्यावाचून जेवण वाढणं त्याला जमलं नसतं, तसं ते त्याला अशुभ वाटलं असतं.  शेवटी तो वळला, दाराशी आला आणि जमिनीवरची रेघ त्याने टाचेने पुसली.

"आत ये, विनी."

"दोघं आहोत."

तो बाजूला सरकला.

एका किडकिडीत म्हातारीला हातात थाळी घेऊन आत जायला जेवढी वाट लागते, त्याहून तो बराच जास्त सरकला. पाठ दगडाला टेकेपर्यंत सरकला, तलवार अंगाशी घट्ट धरून, बसमधून माणसं उतरताना आपण अंग चोरतो तसं. आणि त्याची नजर विनीवर नव्हती. तिच्या डाव्या खांद्याशेजारी, क्लिफ उभा राहिला असता तर त्याचा चेहरा जिथे आला असता, तिथे ती क्षणभर गेली आणि खाली वळली.

विनीला वाटलं होतं, दार उघडलं की राग उतरेल. तो आता कुठे नीट चढला.

"ठाऊक होतं तुला," ती त्याच्याजवळून जाताना हळूच म्हणाली. "पहिल्यापासून ठाऊक होतं."

गॅरेथ तिच्या मागोमाग शेकोटीपाशी आला.

"क्लिफर्ड थॅकरे," म्युरिएलने आतून हाक मारली.

"ये, जागा आहे," बहुतेक सगळे म्हणाले. गॅरेथच्या बाजूचे दोघं गप्प राहिले. गॅरेथचे ओठ हलले, पण आवाज आला की नाही हे विनीला कळलं नाही, आणि तिने कान देऊन ऐकलंही नाही. तिने सॉसेजच्या शेजारी थाळी ठेवली, पार्किनवरचं फडकं काढलं आणि एक कड मोडून बाजूला ठेवली, कारण तो कडेपासूनच सुरू करायचा.

"सगळे आले का?" गॅरेथने तिसऱ्यांदा विचारलं.

विनी सोडून सगळे 'आले' म्हणाले. मग सगळे विनीकडे बघायला लागले. सूप निवत होतं, केनचे दात वाजत होते, म्युरिएलने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं होतं. विनी शेकोटीपाशी उकिडवी बसली, पेट्रोलची अर्धी जळलेली वडी काठीने उकरून तिने बाहेर काढली, सुकं गवत आत सारलं आणि फुंकर घातली. ज्वाळ नीट धरेपर्यंत तिने फुंकर थांबवली नाही. मग उठली, हात झटकले, गॅरेथकडे बघितलं आणि त्याला आणखी थोडं थांबायला लावलं.

"आले," ती म्हणाली.